फॉरमॅट म्हणजे टाळेबंदी

लॅपटॉप हँग झाला, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. हँग म्हणजे फाशी, ते सांगायचे, आणि फाशी दुसरा कोणीतरी देतो. हे यंत्र स्वतःहून थांबलंय. स्वतःहून थांबणाऱ्याला काय म्हणतात? समोरचा माणूस कितीही घाईत असला तरी "संपावर गेलाय" असं त्याच्या तोंडून आल्याशिवाय ते लॅपटॉपला हात लावत नसत.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत, तळमजल्यावर जिन्याखाली त्यांचं टेबल होतं. जिन्याचा उतार डोक्यावर आलेला, त्यामुळे ते कायम मान डावीकडे कलती ठेवून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, हे आपल्यावर संशय घेताहेत. एकेकाळी ते गिरणीत साचेखात्यात लाईन जॉबर होते. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, आणि लाईन जॉबर म्हणजे आपल्या ओळीतला साचा अडला की तो चालू करून देणारा माणूस. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली, गिरणीच्या जागी काचेचे टॉवर आले, पण चाळ त्यांना जॉबरच म्हणत राहिली. मी काका म्हणायचे.

संप मागे घेतल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. साचेखात्यातल्या धडधडाटात त्यांचे कान गेले होते, त्यामुळे त्यांनी ऐकलं नाही याला फारसा अर्थ नव्हता. पण खरंच तसं कुणी जाहीर केलं नव्हतं. तेव्हा संप चालू होता आणि ते संपावर होते. मग हे लॅपटॉपचं काय करता, असं कुणी विचारलं की म्हणायचे, टाईमपास. संपावरचा कामगार मजुरी घेत नाही म्हणून ते पैसे घेत नसत. पण संपात गावाहून तांदूळ यायचा, तो चालायचा. त्या हिशेबानं लोक तांदूळ, नारळ, सुकट असं काहीबाही ठेवून जात. ते उचलून घरात नेण्याचं काम काकींचं. काकी शेजारच्याच खोलीत खानावळ चालवायच्या आणि पोळ्या लाटता लाटता, नवऱ्याला ऐकू जाणार नाही पण गिऱ्हाईकाला जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "संप ह्यांचो, आनि डबल पाळी माजी."

कॉम्प्युटर ते कुठं शिकले, हे नीट कुणालाच माहीत नव्हतं. आधी मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत. मग टॉवरमधल्या हाफिसांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर चोरबाजारातून आणून उघडायला लागले. एवढा मोठा साचा उघडलेल्या माणसाला एवढ्याशा डब्याचं काय, असा त्यांचा सूर असायचा. टॉवरमधली पोरं जेवायला खानावळीत येत आणि जाताना लॅपटॉप दाखवत. त्यांना पहिला प्रश्न ठरलेला, कुठं बसतोस? पोरगा टॉवर आणि मजला सांगायचा. ते डोळे मिटून थोडा विचार करत आणि म्हणत, म्हणजे रंगखात्यात. किंवा, म्हणजे कापूस गोदामात. एका टाय लावलेल्या साहेबानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आपली केबिन तळमजल्याला, अगदी कोपऱ्यात, समोर कारंजं. काका त्याच्याकडे फार मायेनं बघत म्हणाले, "तू आमच्या संडासात बसतोस."

त्यांच्या दुरुस्तीचे शब्द वेगळे होते. लॅपटॉप हळू चालतो म्हणजे गो-स्लो. मध्येच थांबतो आणि पुन्हा चालतो म्हणजे लाक्षणिक संप. चालूच होत नाही म्हणजे बेमुदत. बटण दाबून धरून त्याला जबरदस्तीनं बंद करणं म्हणजे लाठीमार, आणि लाठीमार करून आलेल्याला ते आधी ओशाळं करून सोडत. सगळं पुसून नव्यानं सुरू करायचं, ज्याला दुकानदार फॉरमॅट मारणं म्हणतात, ती टाळेबंदी. ते काम ते करत नसत. "टाळेबंदी मालक करतो," ते म्हणायचे. "जॉबर करत नाही. जॉबर विचारतो, तुझं म्हणणं काय."

म्हणणं विचारायची त्यांची पद्धत होती. पहिले तीन दिवस लॅपटॉप उघडायचाच नाही. शाळेतली एक पातळ वही सुतळीनं त्याला बांधून द्यायची. वहीवर लिहिलेलं: मागण्या. लॅपटॉप थांबला की मालकानं त्यात लिहायचं, किती वाजता थांबला, तेव्हा तो काय करत होता, तुम्ही काय करत होता, कुठं ठेवला होता. तीन दिवसांनी वही घेऊन या.

वरळी कोळीवाड्यातली एक मावशी मुलाचा लॅपटॉप घेऊन आली होती. वहीचं ऐकून ती भडकली. म्हणाली, माझे बोंबील तुमच्यापेक्षा लवकर सुकतात. पण वही घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी मुलालाच पुढे घालून आली. मुलानं वेळा लिहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळेपुढे लिहिलं होतं, अभ्यास. फक्त "कुठं ठेवला होता" यापुढे तो खोटं बोलायला विसरला होता. तिथं प्रत्येक वेळी, गोधडीवर. काकांनी लॅपटॉप पालथा करून त्याला खालच्या जाळ्या दाखवल्या. यातून हा हवा घेतो. तू गोधडीवर ठेवलास की नाक बंद. मग आतला पंखा उघडला, तर पात्यांवर करड्या रंगाचा मऊ थर. तो त्यांनी चिमटीत धरला आणि बराच वेळ बघत राहिले. कापसाची धूळ त्यांना ओळखीची होती. छातीतही होती.

"आई, मी अभ्यासच करत होतो," मुलगा म्हणाला.

"अभ्यासानं लॅपटॉप एवढा तापत नाही," काका म्हणाले. "मी काही बोललो नाही. यंत्र बोलतंय."

मावशीनं तिथंच मुलाच्या पाठीत एक दिला आणि टेबलावर सुकटीचा पुडा ठेवला.

दुसरा एक विमा कंपनीतला होता. त्याचा लॅपटॉप सकाळी चालू केला की पाव तास नुसता गोल गोल फिरायचा. काकांनी त्याला आधी गिरणीच्या दारावर उभं केलं. म्हणजे गोष्टीत. सकाळी भोंगा झाला की दारावर बदली कामगार गोळा व्हायचे. कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी एका दिवसाचं काम मिळायचं. आता समज, एके दिवशी सगळेच्या सगळे बदली आत सोडले. साच्यापाशी उभं राहायला जागा उरेल? मग त्यांनी लॅपटॉप चालू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी काढली आणि एकेकाची हजेरी घेतली. हा कोण? विमावाल्याला माहीत नाही. ह्याला काय काम? माहीत नाही. हा कुणाच्या ओळखीनं आला? काका एकेकाच्या पुढची खूण काढत गेले. विमावाला म्हणाला, सगळे उडवूनच टाका ना. काका थांबले. म्हणाले, बदलीला काढायचं नसतं. त्याला सांगायचं, बोलावलं की ये.

मला या सगळ्याचा राग यायचा. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. या चाळीत मी नंतर आले; लहानपणी परळच्या आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती, पण मोर्च्यांची, सभांची, संपाची पत्रकं पत्र्याच्या पेटीत भरून होती, आणि माझे आजोबा मला मांडीवर घेऊन तीच वाचून दाखवत. पुढे मीही पत्रकं लिहायला लागले. संप हा शब्द आमच्या घरात कुणी हसून उच्चारत नसे. एकदा मी काकांना सरळच म्हटलं की माणसांच्या लढ्याची तुम्ही या डब्यांवरून चेष्टा करता. मला दोनदा मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळे सगळ्या चाळीनं ऐकलं.

ते म्हणाले, "आमच्या वेळी माणसाला यंत्र म्हणायचे. मी यंत्राला माणूस म्हणतो, त्याचा तुला राग येतो."

आणि त्यांनी पंखा साफ करायला घेतला.

मी तेव्हा संपातल्या माणसांच्या जबान्या गोळा करत होते. डिलाईल रोड, परळ, लालबाग, चाळीचाळीत जाऊन म्हाताऱ्यांना बोलतं करायचं, आवाज रेकॉर्ड करायचा, मग टाईप करायचा. प्रत्येक जबानीच्या वर नाव, खातं आणि सध्याचा व्यवसाय. त्यांचं पुस्तक करायचं ठरलं होतं. मी काकांच्या मागे वर्षभर होते. त्यांचं उत्तर एकच, संप चालू असताना कामगार जबानी देत नाही. काकी म्हणायच्या, सोड गो, ह्यांका सांगण्यासारख्या कायतरी आसा म्हणान सांगणत नाय.

त्या जबान्यांत माझ्या आजोबांची होती. ते शेवटपर्यंत परळलाच राहिले. काकांच्याच गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत काढायच्या खात्यात होते. जबानी दिल्यावर दोन महिन्यांनी ते गेले. त्यांचा आवाज माझ्याकडे तेवढाच होता, आणि तो फक्त माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये होता. मी एका पत्रकाच्या हजार प्रती काढायचे, पण या फायलींची दुसरी एक प्रत काढून ठेवावी, हे मला सुचलं नव्हतं.

आणि तो लॅपटॉप थांबायला लागला. आधी दिवसातून एकदा, मग तासातून एकदा. फाईल उघडायला गेलं की बाण गोठून जायचा. मी घाबरून दादरला एका दुकानात नेला. दुकानदारानं दोन बटणं दाबली, जांभई दिली आणि म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. मी लॅपटॉप छातीशी धरून तशीच टॅक्सीनं डिलाईल रोडला आले. माझ्यासारखीनं टॅक्सी केली, यावरून काय ते समजा.

काकांना मी एका दमात सांगितलं, संपावर गेलाय. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि वही काढलीच नाही.

टेबलाच्या खणातून त्यांनी धोटा काढला. साच्यावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा. हातभर लांबीचा, होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंड. गिरणीतून त्यांनी तेवढाच आणला होता. त्याचं एक टोक त्यांनी लॅपटॉपला, तळहाताच्या जागी टेकवलं आणि दुसऱ्या टोकाचं लोखंडाअलीकडचं लाकूड दातांत धरलं. डोळे मिटले. कानांनी येत नव्हतं ते त्यांना लाकडातून दातांत, दातांतून डोक्यात यायचं. नव्या गिऱ्हाईकाला हे पाहून हसू यायचं. मला त्या दिवशी आलं नाही.

"डिस्क," त्यांनी धोटा काढून सांगितलं. "टिक टिक करतेय. पंखा नाही, बदली नाहीत. ही थकलीय गो. ही बेमुदतवर जाणार आणि परत येणार नाही."

मी विचारलं, मग माझ्या जबान्या?

"आधी माणसं बाहेर काढायची. यंत्राचं मग बघू."

पुढचे दोन दिवस सगळी खानावळ त्या लॅपटॉपच्या सेवेत होती. खालून हवा लागावी म्हणून काकींच्या चार वाट्या पालथ्या घालून त्यावर तो ठेवला. त्या दिवशी टॉवरच्या पोरांना आमटी पेल्यात मिळाली. काकांनी सगळे बदली बाहेर काढले, दुसरं काहीही उघडायला बंदी केली आणि एकेक फाईल बाहेरच्या डिस्कवर न्यायला सुरुवात केली. एका वेळी एकच. चार चार साचे एका माणसावर टाकले म्हणून तर सगळं झालं, ते म्हणाले. मध्येच तो थांबायचा. मग कुणी टेबलाला हात लावायचा नाही. त्याला गार होऊ द्यायचं, आणि तेवढ्या वेळात काकी मला जबरदस्तीनं जेवायला घालायच्या. त्या दोन दिवसांत मी चार दिवसांचं जेवले.

कोणतं आधी, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून आजोबांची फाईल आली. पत्रकात मी लिहिलं असतं, सगळे समान.

ती फाईल तीन वेळा अर्ध्यावर अडली. चौथ्यांदा पोचली. पोचली म्हणजे जिवंत आहे असं नाही, काका म्हणाले, ऐकून बघ. त्यांनी बाहेरची डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली आणि मी आवाज लावला. आजोबांचा खाकरा आला. मग ते बोलायला लागले. मला रडू येऊ नये म्हणून मी काकींच्या पोळपाटाकडे बघत बसले. काकांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी सवयीनं धोटा उचलला, टोक स्पीकरजवळ टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढे काय येणार आहे. बंद करावं असं क्षणभर वाटलं. केलं नाही.

आजोबा सांगत होते, साचेखात्यात पगार बरा, म्हणून मी तिथं अर्ज घेऊन गेलो. जॉबर म्हणाला, तुमच्या लोकांना इथं जमायचं नाही. धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागतं. तुझा उष्टा धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? मग मला म्हणाला, जा, त्रासन खात्यात तुमचीच माणसं आहेत. आजूबाजूचे हसले. मी आयुष्यभर त्यांच्यासाठी सूत काढलं. त्या सुताला त्यांनी तोंड लावलं, ते चाललं.

एवढं सांगून आजोबा रेकॉर्डिंगमध्ये स्वतःच हसले होते. ते तसे होते.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग धोटा दातांतून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"तू ऐक," ते म्हणाले.

मी म्हटलं, मला ऐकू येतं.

"असं नाही. असं."

मी धोटा घेतला. लाकूड त्यांच्या दातांनी एका जागी खोल गेलं होतं. मी तिथंच दात रोवले आणि टोक स्पीकरला टेकवलं. आजोबांचा आवाज बाहेरून आला नाही. माझ्या डोक्याच्या आतून आला, लहानपणी त्यांच्या छातीला कान लावल्यावर यायचा तसा, शब्दांच्या आधी नुसता घुमणारा.

फाईल संपली. काकांनी हात पुढे केला. मी धोटा ओढणीला पुसायला लागले, तर त्यांनी तो तसाच काढून घेतला आणि तसाच तोंडात धरला.

"पुन्हा लाव," ते दातांतून म्हणाले. "पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते बराच वेळ लॅपटॉपच्या वाट्या सारख्या करत बसले. गावची भाषा त्यांच्या तोंडात एरवी काकींशीच यायची.

"मी थंयच होतंय गो," ते म्हणाले. "नवीन लागलो होतो. हातात तेलाचा डबा."

काकींचं लाटणं थांबलं होतं. त्यावर बोलायला माझ्याकडे पेटीभर पत्रकं होती.

"वही काढ," ते म्हणाले.

अशी त्यांनी जबानी दिली. संप चालू असताना. नाव सांगितलं, खातं सांगितलं, तो दिवस सांगितला, जॉबर कुठं उभा होता, आजोबा कुठं उभे होते, कोण कोण होतं. आजोबांनी परत जाताना अर्जाच्या चार घड्या घालून तो खिशात ठेवला, तेही सांगितलं. नंतर हाच माणूस मोर्च्यात दोन रांगा पुढे दिसायचा आणि आपण कधी पुढे जाऊन बोललो नाही, हेही. काकींनी मध्ये एकदाच तोंड घातलं, लिव गो, सगळा लिव.

जुन्या डिस्कनं त्यानंतर आठवड्यानं कायमचा संप केला. तोपर्यंत सगळी माणसं बाहेर आली होती. नवी डिस्क बसवताना काकांनी जुनी फेकली नाही. खणात, धोट्याशेजारी ठेवली.

पुस्तकाची प्रुफं आली तेव्हा मी त्यांची पानं त्यांना वाचायला दिली. दोन दिवसांनी टॉवरच्या एका पोराबरोबर आमच्या खोलीत डबा आला, डब्यावर प्रुफं. डब्यात बोंबलाची चटणी. सध्याचा व्यवसाय यापुढे मी "लॅपटॉप दुरुस्ती" लिहिलं होतं, ते खोडून पेन्सिलीनं "संपावर" केलेलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केलेल्या, त्या खरोखरच चुका होत्या.

आणि तिसऱ्या पानावर, तेलाच्या डब्याच्या वाक्यापाशी, समासात एक बाण. तिथं मी तीन शब्द गाळले होते. पत्रकांत मी आजवर कुणाला सोडलं नव्हतं, ज्यांना ओळखतही नव्हते अशांनाही नाही. पण चार वाट्या, ती आमटी, तो न पुसलेला धोटा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि ते तीन शब्द छापावेत असं मला वाटलं नाही. ते त्यांनी आपल्या ठसठशीत अक्षरात परत लिहिले होते: आणि मी हसलो.

बाणाच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासाठी एक ओळ होती. इथं टाळेबंदी कुणी केली?